केमोच्या दिवसांतलं जेवण : ताटातून काढण्याआधी कारण विचारा

केमोथेरपी सुरू झालेल्या घरांतले प्रश्न बहुतेक एकाच वळणाचे असतात. साखर बंद करायची का? दूध चालेल का? दही थंड, अंडं उष्ण, वांगं वातूळ, मग द्यायचं तरी काय? डॉक्टरांना विचारावं तर ते म्हणतात, ‘सगळं खा.’ शेजारी गव्हांकुराचा रस सुचवतात, मोबाइलवर आलेला निरोप गूळसुद्धा वर्ज्य ठरवतो. आणि ज्याच्यासाठी ही सगळी चर्चा, त्या माणसाच्या घशाखाली दोन घासही उतरत नसतात. आजारपण म्हटलं की पथ्य आणि पथ्य म्हटलं की ताटातून काहीतरी काढून घेणं, ही आपली जुनी रीत आहे. केमोच्या चार-सहा महिन्यांत ती रीत रुग्णाचं नुकसान करते, असं माझं स्पष्ट मत आहे. या काळात ताटात भर घालायची असते. काही बंद करायचंच असेल, तर तीन गोष्टी आधी विचारा: का बंद करायचं, किती दिवसांसाठी, आणि त्याच्या जागी काय द्यायचं. तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर ती बंदी घालू नका.

वजनाचा काटा हा तुमचा पहिला मापक

हा आग्रह कशासाठी, ते वजनावरून कळतं. बहुतेक केमो औषधांचा डोस उंची आणि वजनावरून ठरवतात. उपचाराच्या मध्यात वजन उतरत गेलं, अशक्तपणा वाढला, तर डोस कमी करावा लागतो किंवा पुढची सायकल लांबणीवर टाकावी लागते. म्हणजे न जेवल्याची किंमत शेवटी उपचारालाच मोजावी लागते. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन न ठरवता घटलं, तर ती काळजीची गोष्ट समजतात. ६० किलोच्या माणसाचे ३ किलो गेले, की ही रेषा आली. ‘वजन तसंही जास्तच होतं, कमी झालं तर बरंच’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण आजारात आणि उपासमारीत जे घटतं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. ज्या ताकदीवर माणूस उठतो, जिना चढतो, जंतुसंसर्गातून सावरतो, ती ताकद स्नायूंची असते. जाड माणसाचे स्नायूही झिजतात, फक्त ते बाहेरून दिसत नाही. याउलट, स्तनाच्या कर्करोगात काहींचं वजन उपचाराच्या काळात वाढतं. त्यांनी तूप-साखर वाढवण्याचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. प्रथिनांबद्दलचं मात्र सगळं त्यांनाही लागू आहे.

आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शौचाहून आल्यावर, साधारण तशाच कपड्यांत वजन करा आणि तारखेसह वहीत लिहा. पोटात किंवा पायांत पाणी साठलं असेल, तर काटा फसवतो. अशा वेळी दंडाचा सैल झालेला भाग, ढिली झालेली अंगठी यांकडे लक्ष द्या.

मळमळ आधी औषधाने आवरा

घरोघरी चूक होते ती इथे. मळमळ ही केमोबरोबर येणारच, ती सोसायची, आणि आलं-लिंबू देऊन काय होतंय ते बघायचं, असं धरून चालतात. आजच्या औषधांनी उलट्या बहुतेक रुग्णांत रोखता येतात. मळमळ थोडी हट्टी असते, पण तीही पुष्कळ कमी करता येते. केमोनंतरच्या पहिल्या २४ तासांतली मळमळ वेगळी आणि त्यानंतर सुरू होऊन चार-पाच दिवस रेंगाळणारी वेगळी. ऑन्डान्सेट्रॉनसारखी गोळी पहिलीवर चांगली चालते. दुसरीसाठी अनेकदा वेगळी औषधं जोडावी लागतात. सिस्प्लॅटिनसारख्या औषधात तर दुसरा-तिसरा दिवस जास्त जड जातो. म्हणून ‘उलटी झाली तर घेऊ’ असं न करता गोळ्या लिहून दिलेल्या वेळेलाच, ठरलेले सगळे दिवस घ्या. त्यानेही भागलं नाही, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करा. ओलान्झापिन हे मळमळीवरचं प्रभावी औषध, पण १० मिलिग्रॅमच्या मात्रेत ते गुंगी आणतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २.५ मिलिग्रॅमची मात्रा उलट्या रोखण्यात त्याच्या तोडीची ठरली आणि दिवसाची गुंगी मात्र कमी राहिली. हे सांगण्याचं कारण एवढंच, की डॉक्टरांच्या हाती पर्याय असतात. तुम्ही बोललात तर ते वापरले जातील. ऑन्डान्सेट्रॉनने शौचाला घट्ट होतं आणि भरलेल्या पोटामुळेही मळमळ वाढते, म्हणून पोट साफ होतं की नाही हेही सांगा. आलं गुणकारी आहे, पण आधाराला. कपभर पाण्यातला आल्याचा तुकडा पुरे. प्लेटलेट कमी असताना किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना आल्याच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १९७८ साली अमेरिकेत आयलीन बर्नस्टीन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केमो घेणाऱ्या मुलांना डोसच्या आधी एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढे त्या मुलांना तेच आइस्क्रीम नकोसं झालं. औषधाने आलेली मळमळ मनाने त्या चवीच्या खात्यावर टाकली होती. म्हणून केमोच्या दिवशी लाड म्हणून आवडीची पुरणपोळी किंवा माशाचं कालवण देऊ नका. एरवी ज्यावर माणूस जगतो ते पदार्थ त्या दिवसापासून लांब ठेवा. त्या दिवशी साधा, कमी तेलाचा, विशेष आवडीचा नसलेला पदार्थ थोडा द्यावा.

वासाचा बंदोबस्त

खाण्याआधी नाक नकार देतं. हिंग-मोहरीची फोडणी, कुकरची वाफ, तळणीचं तेल, सुकटीचा दर्प हे सगळं केमोच्या दिवसांत दसपट वाटतं. दार बंद करून, खिडकी उघडून स्वयंपाक करा. शक्य असेल तर रुग्ण अंगणात किंवा दुसऱ्या खोलीत असताना उरकून घ्या. आणि रुग्ण हीच घरातली स्वयंपाक करणारी बाई असेल, तर ते काम निदान पहिला आठवडा दुसऱ्या कुणीतरी उचलायलाच हवं. गरम पदार्थाला वास जास्त, निवलेल्याला कमी. त्यामुळे हे पदार्थ हाताशी असू द्या:

- बिनफोडणीचा दहीभात, दहीपोहे, दुधातल्या साळीच्या लाह्या
- नाचणीचं सत्त्व, दूध-गुळातलं सातूचं पीठ
- राजगिऱ्याची वडी, खाकरा, फुटाणे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी यांतलं कोरडं काहीतरी
- पनीरचे तुकडे, श्रीखंड, कोकम सरबत

तोंडात धातूची चव येत असेल, तर स्टीलच्या ऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरून बघा. तोंड आलेलं नसेल, तर लिंबू, आमसूल, कैरी यांनी मेलेली चव थोडी जागी होते. ‘आंबट बंद’ या सरसकट बंदीला इथे आधार नाही.

भूक लागत नाही, म्हणून घड्याळ

‘भूक लागली की माग’ हे वाक्य या दिवसांत बाजूला ठेवा, कारण भुकेची खूणच बिघडलेली असते. गोळीसारखंच खाण्यालाही वेळ ठरवून द्या: दर दोन-अडीच तासांनी थोडं, दिवसातून सहा ते आठ वेळा. बऱ्याच जणांना सकाळ जरा बरी जाते. मग दिवसाचं मुख्य खाणं सकाळीच होऊ दे, रात्री पेजेवर भागलं तरी चालेल. पाणी, चहा, सरबत जेवणाबरोबर न देता मधल्या वेळात द्या, नाहीतर पोट पाण्यानेच भरतं.

आता हिशेब. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २५ ते ३० कॅलरी, आणि प्रथिनं किमान १ ग्रॅम, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत. ५० किलोच्या बाईंना म्हणजे १,२५० ते १,५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. (मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.) आकडा मोठा वाटतो, पण घास वाढवण्यापेक्षा घासात काय आहे ते बदलणं सोपं जातं. मऊ भाताची वाटी घ्या. ६० ग्रॅम तांदळाचा मऊ भात आणि वर चमचाभर तूप यांतून सुमारे २५० कॅलरी आणि जेमतेम ४-५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तोच भात ३० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम मूगडाळ एकत्र गाळ शिजवून केला, त्यात दोन चमचे तूप आणि दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट घोटलं, की कॅलरी ४००च्या आसपास जातात आणि प्रथिनं १४ ग्रॅमपर्यंत. वाटी जवळपास तेवढीच, रंगही फारसा बदलत नाही. दोनदा खायचा असेल, तर अर्धा भाग लगेच फ्रिजमध्ये ठेवा. याच रीतीने २०० मिलिलिटर दुधातली साडेसहा ग्रॅम प्रथिनं, दोन मोठे चमचे दूधपावडर ढवळली की अकरा-साडेअकरा होतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅम. थालीपीठ, धिरडं यांत डाळीचं पीठ वाढवा. हे सगळं करूनही कमी पडत असेल, तेव्हा बाजारातल्या प्रथिन पावडरीचा विचार करा; महाग डबा आधी आणि घरचं जेवण नंतर, हा क्रम उलटा आहे.

घरच्यांसाठी एक विनंती. समोर बसून ‘दोन घास तरी खा’ म्हणत राहिलात, की जेवण ही परीक्षा होते. ‘आई, अर्धी वाटी ठेवलीय, मी थोड्या वेळाने येते’ असं म्हणून उठून जा. उरलं तर उरलं, पुढची वेळ दोन तासांवरच आहे.

ज्या बंद्यांना कारण सापडत नाही

साखरेची बंदी यांत सगळ्यात मोठी. तिच्यामागे एक खरं निरीक्षण आहे: कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. साखर, भात, पोळी सगळं बंद केलं, तरी शरीर रक्तातलं ग्लुकोज खाली जाऊ देत नाही. ते स्नायूंतली प्रथिनं मोडून तयार करतं. म्हणजे गाठ उपाशी राहत नाही, माणूस वाळतो. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. केमोबरोबर दिलेल्या स्टेरॉइडने साखर आणखी चढते, म्हणून ती मोजत राहा आणि औषधाचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या; पण ताट रिकामं करणं हा त्यावरही उपाय नाही.

दुधाची सरसकट बंदीही अशीच. काही औषधांनी जुलाब होतात, त्या दिवसांत दूध पचत नाही. तेवढे दिवस दूध थांबवून घरचं ताजं दही किंवा ताक द्यायचं. इथे कारण आहे, मुदत आहे, पर्याय आहे. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार यांचे उपास या काळात सोडावेत. उपासाने केमो अधिक लागू पडते, असं सांगणारे लेख फिरतात. त्यावर संशोधन चालू आहे, पण वजन घटत असलेल्या रुग्णाने घरी प्रयोग करावा इतका पुरावा अजून नाही. गव्हांकुराच्या आणि पालेभाज्यांच्या कच्च्या रसाने पोट भरतं, हाती मात्र ना कॅलरी लागतात ना प्रथिनं, आणि जंतूंचा धोका वर.

काढ्यांबद्दल ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हा आक्षेप नेहमी येतो. करोनाच्या साथीत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता, हेही खरं. पण केमोची अनेक औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. तिथे वादातली वस्तू जोडीला कशाला? काढा, चूर्ण, जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या, जे काही चालू असेल ते डॉक्टरांपासून लपवू नका.

ज्या बंद्या पाळायलाच हव्यात

- कच्चं आणि उघड्यावरचं: डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. पाणीपुरी, उसाचा रस, बर्फ, चिरून ठेवलेली फळं, कच्ची मोड आलेली कडधान्यं, अर्धं शिजलेलं अंडं किंवा मांस, बाहेर राहिलेला शिळा भात टाळा. धुऊन, साल काढून खायचं केळं, संत्रं किंवा उकळलेल्या दुधाचं घरचं दही बंद करायची गरज सहसा नसते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे नियम मात्र जास्त कडक असतात. तिथे वॉर्डात सांगतील तेच.
- ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर गारवा: डोसनंतर काही दिवस थंड पाणी, आइस्क्रीम, फ्रिजमधला डबासुद्धा नको. घशात आणि बोटांत झिणझिण्या, आवळल्यासारखं होतं. वर सांगितलेले निवलेले पदार्थ या रुग्णांनी कोमट खावेत.
- पपनस आणि ग्रेपफ्रूट: काही गोळ्यांची रक्तातली पातळी यांनी वाढते. तोंडाने घ्यायची औषधं असतील तर विचारून घ्या.
- कॅपेसिटाबीन: जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर. याच्यासोबत फॉलिक अॅसिडची गोळी स्वतःहून घेऊ नका.
- तंबाखू, मिशरी, दारू: तोंड आलेलं असताना तर नाहीच, एरवीही नाही.

तोंड आलं, जुलाब लागले

तोंड आलं असेल तर पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून अनेकदा चुळा भरा. या दिवसांत तिखट, आंबट, कुरकुरीत थांबवा. खिमट, सायीचा भात, कुस्करलेलं केळं, पातळ पिठलं चालेल. गिळण्याआधी तोंड बधिर करणारं औषध मिळतं, ते मागा. जुलाबात पेज, मीठ-साखर-पाणी, ताक द्या, पण थांबवणारी गोळी विचारल्याशिवाय देऊ नका.

खालीलपैकी काही झालं, तर रात्र असली तरी फोन करा:

- ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त. क्रोसिन देऊन वाट पाहू नका
- दिवसभर पाणीही पोटात टिकत नाही, लघवी कमी आणि गडद
- नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा पातळ शौच
- उलटीत रक्त, काळी शौच, गिळताना ठसका

रुग्णालयात मागायच्या गोष्टी

‘सगळं खा’ हे उत्तर पुरेसं नाही, आणि त्यापुढचं विचारणं हा उद्धटपणा नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत उपचाराची माहिती मिळणं, कागदपत्रांच्या प्रती मिळणं आणि दुसरं मत घेणं हे हक्क नोंदलेले आहेत. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात, पण ओपीडीच्या गर्दीत तिकडे पाठवायचं राहून जातं. केस पेपरवर तशी चिठ्ठी लिहून मागा. वजनाची वही आणि तीन दिवसांत प्रत्यक्ष किती खाल्लं त्याची नोंद सोबत न्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून दाखल असाल, तर रुग्णाचं जेवण पॅकेजमध्येच धरलेलं असतं. वेगळे पैसे मागितले तर आरोग्यमित्राला गाठा.

आणि एक प्रश्न वेळ येण्याआधीच विचारून ठेवा: नळीचा. आठवडाभर जवळपास काहीच पोटात गेलं नाही, किंवा एक-दोन आठवडे गरजेच्या निम्म्याच्या आसपासच जातंय, तर नाकातून जठरात जाणाऱ्या बारीक नळीने अन्न देतात. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण खूप, आणि केमोला रेडिएशनची जोड असली की त्यांतल्या अनेकांना हिची गरज पडते. ‘नळी म्हणजे संपलंच’ या भीतीने घरचे नकार देतात आणि दोन आठवड्यांत पाच-सहा किलो हरवून बसतात. नळी बहुतेक वेळा तात्पुरती असते. तोंडाने थोडं खाणं तिच्याबरोबरही चालू ठेवता येतं, आणि गिळणं सुधारलं की ती ओपीडीतच काढून टाकतात. ती किती दिवस राहील, तिच्यातून घरचं काय देता येईल, ते किती पातळ हवं, प्रत्येक वेळेनंतर किती पाणी सोडायचं, आणि ती निघून आली तर कुणाला फोन करायचा, हे नर्सकडून वहीत लिहून घ्या.